बिनहाडाचा घास

लोक हसतात. म्हणे खाटकाला पाखराचा पुळका आला. परवा एक बाई खिमा घेता घेता मलाच विचारते, "खरं का हो, तुमचे मिस्टर त्या घारीसाठी दुकान बंद करून बसले होते?" मी खिम्याची पिशवी तिच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "खरं आहे. तुमच्यासाठी नाही बसणार." आता ते गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं. बाई गेली, पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना. अर्धवट ऐकून सगळी गल्ली बोलणार, त्यापेक्षा जे झालं ते मीच सांगते.

आमचे हे खाटीक. सासरेही खाटीकच. माझं लग्न ठरलं तेव्हा आत्या रडली होती, पोरगी सुरीच्या घरात चालली म्हणून. दिवसभर कापाकापी करणारा माणूस घरी येऊन काय फुलं माळणार आहे, असं तिला वाटलं. पण आमच्या घरात आवाज चढतो तो माझा. ह्यांचा चढलेला मी कधी ऐकला नाही. मी तासभर तोंडाचा पट्टा चालवावा आणि ह्यांनी सगळं ऐकून घेऊन विचारावं, "चहा टाकू?" असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडणाची हौस मी शेजारच्या चष्मेवाल्यावर भागवून घेते.

चष्मेवाल्याचं दुकान आमच्या भिंतीला लागून. त्यानंच ह्यांचं नाव 'सर्जन' पाडलं. कारण हाड काढण्यात ह्यांचा हात धरणारा कुणी नाही. अख्खी कोंबडी घेतात, कातडीला कुठे चीर न पाडता आतला सगळा सांगाडा पायातला मोजा काढावा तसा काढतात. बिनहाडाच्या मांसासाठी आमच्याकडे लांबून लांबून गिऱ्हाइकं येतात. त्यामागेही एक कथा आहे. हे लहान असताना सासऱ्यांनी विकलेल्या मांसातला हाडाचा कपचा एका लेकराच्या घशात अडकला होता. लेकरू वाचलं, पण सासऱ्यांनी हाय खाल्ली. तेव्हापासून बिनहाडाचं म्हणून जे मांस ह्या दुकानातून जातं, त्यावरून बोट फिरवल्याशिवाय ते जात नाही. सासरे फिरवायचे, आता हे फिरवतात. तेही डोळे मिटून, कारण डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं म्हणे.

दुकानाच्या मागे कोठीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगणात पत्र्याचं पिंप. मुंडकी, पाय, माना, आतडी, जे कुणी घेत नाही ते पिंपात जातं. घारींना ते पाठ झालंय. सकाळपासून वर घिरट्या घालत असतात आणि मी झाकण उघडलं रे उघडलं की झडप घालतात. एकीनं तर माझ्या हातातून कोंबडीचा पाय पळवला होता, वर ओरखडा फुकट.

आम्हाला एकच मुलगी. शाळेत जात होती तेव्हाची गोष्ट. कुणीतरी चिडवलं असेल, एक दिवस भरल्या ताटावरून उठली आणि ह्यांना म्हणाली, "बाबा, तुमच्या हातात आलेलं कुणी कधी जिवंत परत गेलंय का?" मी तिला फटका द्यायला उठले, तर ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "नाही गं बाळ, कुणी नाही." तिनं मांस सोडलं आणि ह्यांनी बाजारात जाऊन तिच्यासाठी वेगळी भांडी आणली. पुढे ती मोठी झाली, नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. फोन करते, आमची औषधं घेतली का विचारते, पण घरी यायचं म्हटलं की काहीतरी निघतं. आमच्या घरात पुढून या नाहीतर मागून, दुकानाचा वास येतोच, आणि तो तिला सोसत नाही. ह्यांनी ते मनाला लावून घेतलंय हे मला कळायचं. पण बोलून दाखवतील तर शपथ.

तर उन्हाळ्याच्या तोंडाशी एक वायरमन दुकानात आला, आपलं पिवळं हेल्मेट भांड्यासारखं दोन्ही हातांत धरून. तारांना लागणाऱ्या फांद्या तोडत होते, त्यात घारीचं घरटं खाली आलं. एक पिल्लू जागीच गेलं, दुसरं हेल्मेटात होतं. कापसाच्या बोळ्याला चोच लावावी असलं ध्यान. एका पंखाखाली फांदी लागून चांगली फाटलेली जखम, आणि डोळे मात्र असे की आपणच त्याचं काहीतरी देणं लागतो.

"तुमच्याकडे मांस असतं, म्हणून आणलं," वायरमन म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, ह्या दुकानात पाखरं कशासाठी येतात ते बाहेर पाटीवर लिहिलंय."

ह्यांनी ऐकलंही नाही. हात धुतले, हेल्मेटात घातले आणि ते पिल्लू असं अलगद उचललं की मला माझ्या बाळंतपणाची आठवण झाली. कोठीच्या खोलीत फळांच्या खोक्यात गोणपाट अंथरलं, जखम धुतली, डॉक्टरला लाजवेल अशी पट्टी बांधली. मी म्हणत होते, ही नसती उठाठेव आहे, विकतचं दुखणं आहे. पाखरांना वाचवणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा नंबर चष्मेवाल्यानं शोधून दिला. तिथला माणूस म्हणाला, इतक्यात येणं जमणार नाही, अंधारात ठेवा, मांस द्या. तेवढंच म्हणाला. मांस द्या. आता खाटकाला मांस द्यायला सांगितल्यावर तो दुसऱ्या कुणाला कशाला विचारायला जाईल?

त्या दिवशी जेवताना हे आपणहून बोलले. "हे एक जाईल," म्हणाले.

"कुठे जाईल?"

"वर. माझ्या हातातून जिवंत जाईल. बघच तू."

मला तेव्हा कळलं की ह्यांनी पोरीचं ते वाक्य इतकी वर्षं तसंच गिळून ठेवलं होतं. मी म्हटलं, "बरं, बरं, जेवा आता."

मग सुरू झाली बडदास्त. सकाळी दुकान उघडलं की पहिली सुरी धारेच्या सळईवर घासायची, सर्र सर्र, आणि पहिला तुकडा पिल्लाचा. तोही कसा, तर कोंबडीच्या छातीचा. कातडी काढायची, पातळ पापुद्रा काढायचा, शेवयांसारख्या बारीक पट्ट्या करायच्या, आणि एकेका पट्टीवरून डोळे मिटून बोट फिरवायचं. एवढ्याशा घशात कपचा अडकला तर? सासऱ्यांची ती भीती ह्यांच्या बोटात उतरली होती. आम्ही दोघं रोज जे विकलं जात नाही ते खातो, माना, पाठी, बरगड्या. आमच्या ताटात हाडं आणि खोक्यात छाती. मी त्याचं नाव नबाब ठेवलं.

"आपल्या पोरीला तरी कधी इतक्या लाडानं भरवलं होतंत का?" मी विचारलं.

"ती खात कुठे होती?" हे म्हणाले, आणि चक्क हसले.

जखम भरली. नबाबाचा कापूस गेला, तपकिरी पिसं आली, दिवसागणिक अंग भरलं. सळईचा आवाज त्याला बरोबर कळायला लागला. इकडे दुकानात सर्र झालं की तिकडे कोठीत ची-र्र-र्र आणि पंखांची फडफड. भूक लागलेलं मूल कसं ताट वाजवतं, तसं. हे आत गेले की तोंड उघडून, दोन्ही पंख थरथरवत ह्यांच्याकडे सरकायचं. मी गेले तर मात्र ढिम्म. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. खोकं मी धुवायचं, घाण मी काढायची, आणि लाडीगोडी ह्यांच्याशी.

ज्या माणसाला फोनवर 'हं' आणि 'बरं' ह्यापलीकडे शब्द सुचत नाहीत, तो माणूस मुलीशी नबाबाबद्दल बोलत बसायला लागला. पिसं किती आली, काय खाल्लं, कसं ओरडलं. एकदा म्हणाले, "तू विचारलं होतंस ना मला? हा एक जाणार आहे." पलीकडून ती म्हणाली, "बाबा, सोडायच्या आधी सांगा. मी येते बघायला." हे फोन ठेवून दुकानात गेले आणि मांस कापायचा ठोकळा उगाच घासत बसले. स्वच्छ होता तो ठोकळा.

खरं म्हणजे काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. खोकं धुवायला नबाबाला उचललं तर पाय उभा राहीना. गुडघ्यावर बसल्यासारखं बसायचं आणि एक पाय बाहेरच्या बाजूला, ओल्या दोरीसारखा वळलेला. मी ह्यांना म्हटलं, ह्याच्या वयाच्या घारी त्या समोरच्या टाकीवर उभ्या राहायला लागल्या, हा अजून बुडावर बसतो. हे म्हणाले, अंगानं भरलाय, जड झालाय, राहील उभा. आणि ताकद यावी म्हणून कलेजी वाढवली. तीही नीट साफ करून.

मग एक दिवस ह्यांनी त्याला नेहमीसारखं उचललं आणि आतून बारीकसा आवाज आला. कट. तो आवाज ह्यांच्या ओळखीचा नसेल तर कुणाच्या असणार? दिवसभर तोच ऐकतात. पण ह्यांचा चेहरा पांढरा पडला. नबाब किंचाळलं आणि ह्यांच्याच बोटाला चोच मारायला गेलं, तर ती चोचसुद्धा वाकली. रबरासारखी.

दुकान चष्मेवाल्याच्या भरवशावर टाकून आम्ही जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तरणीताठी बाई, पण बोलायला शांत. तिनं एक्स-रेचा फोटो काढला, काच उजळली आणि तो वर लावला. मला त्यातलं काय कळणार, पण ह्यांना हाडं कळतात. हे पुढे गेले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, ह्यात हाडं दिसत नाहीत."

"तेच तर," ती म्हणाली. "काका, तुम्ही ह्याला खायला काय घालता?"

ह्यांनी सांगितलं. सांगताना जरा ताठही झाले. छातीचं मांस, ताजं, पापुद्रा काढून, बोट फिरवून. कलेजी. हाडाचा एक कण नाही.

बाईनं आपला चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "काका, ही पाखरं शिकार अख्खी गिळतात. उंदीर असो, पाखरू असो, हाडांसकट, पिसांसकट. वाढत्या पिल्लाची हाडं त्यातूनच तयार होतात. नुसत्या मांसावर अंग वाढतं, आतला सांगाडा कच्चाच राहतो. तुम्ही जे फेकून देता ना, मुंडकी, पाय, माना, ते ह्याचं जेवण होतं."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, मी तिच्याशी भांडले असते. मी तरी म्हटलंच, "त्या फोनवरच्या मेल्यानं सांगायला नको का?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आपल्या हातांकडे बघत होते, तळवे वर करून.

बाईनं पायाला आणि पंखाला पट्ट्या केल्या. भुकटी दिली, औषध दिलं. म्हणाली, हाडं बारीक कुटून मांसात घालून द्या. वय लहान आहे, नवं काही मोडलं नाही तर हाडं अजून धरतील. उडेल का ते आत्ता सांगता येणार नाही. पण एक गोष्ट सांभाळा, हलू द्यायचं नाही. जोरात फडफडला तर स्वतःच्याच जोरानं मोडेल. मग तिनं विचारलं, "कशानं फडफडतो हा? काही बघून, ऐकून?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मीच सांगितलं, सळईच्या आवाजानं आणि ह्यांना बघून. हे तिथं उभे होते आणि खोक्यातून नबाब ह्यांच्याकडे तोंड उघडून, मोडक्या पंखानं थरथरत होतं. बाईला दिसलंच ते.

"काका," ती म्हणाली, "मग तुम्ही ह्याच्यासमोर जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात गेले आणि ह्यांनी स्वतः पिंपाचं झाकण उघडलं. घारी सुटल्या. एक कोंबडीचं मुंडकं घेऊन गेली, एक पाय. टाकीवर बसून कडाकडा फोडून गिळत होत्या आणि पुन्हा झेपावत होत्या. हे मान वर करून बघत उभे राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी हलेनात. शेवटी मीच जाऊन झाकण लावलं आणि दंडाला धरून आत आणलं.

त्यानंतरचं घर म्हणजे आजाऱ्याचं घर. कोठीच्या दाराला मी गोणपाटाचा पडदा लावला. नबाबाला मी भरवायची, पडद्याआडून, चिमट्यानं. हे स्वयंपाकघरात जायला गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं यायचे, म्हणजे कोठीतून पाय वाजायला नको. बोलायचं तर कानाशी. मला कुणी जन्मात गप्प करू शकलं नव्हतं, पण तेव्हा माझ्याही तोंडाला कुलूप. भांडीसुद्धा हळू घासायची. रोज माना उकडून, सुकवून हे खलबत्त्यात कुटायचे, तेही अंगणाच्या पार टोकाला बसून. त्या चुऱ्यावरून बोट फिरवायचे. आता कपचा राहिलाय का म्हणून नाही, हाड पुरेसं पडलंय का म्हणून.

आणि धार लावायची चष्मेवाल्याकडे. सगळ्या सुऱ्या आणि सळई फडक्यात गुंडाळून हे त्याच्या दुकानात जायचे, पार पलीकडच्या कोपऱ्यात धार लावायचे आणि सळई परत आणून आमच्या खिळ्याला अडकवायचे. डोळे तपासायला आलेला माणूस अक्षरं वाचायचं सोडून दाराकडे बघायचा. चष्मेवाला म्हणायचा, "घाबरू नका, ऑपरेशन आम्ही नाही करत." वहिनी, माझं गिऱ्हाईक पळतंय हो, असं मला रोज ऐकवायचा, पण एकदाही नको म्हणाला नाही. त्या माणसाशी मी आता भांडत नाही.

हे रोज मला खुणेनं विचारायचे. खाल्लं? मी मान हलवायची. उभा राहिला? मी नाही म्हणायची. असं चाललं होतं. मग एकदा चिमटा पुढे केला तर नबाबानं गोणपाट पायात घट्ट धरलं. बोटं वळली, नख्या रुतल्या, आणि क्षणभर अंग उचललं. मी बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि खांदे हलायला लागले. डॉक्टरबाई येऊन बघून गेली. चोच टणक लागतेय, म्हणाली, अजून थोडे दिवस काढा. ह्यांनी मुलीला फोनवर सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट. ती म्हणाली, मी तिकीट काढते, बाबा. उडो न उडो, मी येते.

तो रविवार होता. रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मी काट्यावर, हे ठोकळ्यावर. सगळ्यांना घाई, सगळ्यांना आधी हवं. एका जुन्या गिऱ्हाइकानं हातातला तुकडा वर धरला, कडा फाटल्यासारखी झाली होती, आणि हसत म्हणाला, "काय सर्जन, धार गेली वाटतं?"

चेष्टाच होती. ह्यांनाही हसू आलं. आणि हसता हसता ह्यांच्या डाव्या हातानं खिळ्यावरची सळई काढली, उजव्या हातानं सुरी लावली. सर्र. सर्र. त्यात ह्यांचा काही विचार नव्हता. लहानपणापासून ते हात हेच करत आलेत, धार गेली म्हटलं की ते चालतात. माझं लक्ष काट्याकडे होतं. आवाज डोक्यात शिरेपर्यंत तिसऱ्यांदा सर्र झालं आणि थांबलं. मी वळून बघितलं तर सळई आणि सुरी हवेत तशीच, आणि ह्यांचं तोंड उघडं.

मागून आवाज आला. आधी ती भुकेची चीर्र, मग पंखांचे फटके खोक्याच्या लाकडावर, एक, दोन, आणि मग किंकाळी.

हे जागचे हलले नाहीत. हलणार कसे? आत धावत गेले असते तर ह्यांना बघून ते आणखी फडफडलं असतं. आपलं माणूस आत ओरडतंय आणि आपण जाणं हाच त्याला मार, असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. मीच धावले.

पंखाचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं. दुसरा पंखही खाली लोंबत होता. ज्या पायानं गोणपाट धरलं होतं, तो मांडीतून वाकला होता. रक्त फार नव्हतं. पण ते ओरडत होतं, शिट्टीसारखं, थांबतच नव्हतं. मी खोक्यावर फडकं टाकलं तरी थांबेना.

डॉक्टरबाईला फोन लावला. ती लांब कुठेतरी अडलेल्या गाईपाशी होती, मागे गाय हंबरत होती. तिनं सगळं विचारून घेतलं. हाड बाहेर आलंय का, दोन्ही पंख का. मग म्हणाली, "काकू, आता त्याचं काही करता येणार नाही. मी संध्याकाळी येते आणि शेवटचं इंजेक्शन देते. तोवर अंधारात ठेवा. इकडे आणू नका, रस्त्यात हाल होतील."

मी बाहेर येऊन ह्यांना कानात सांगितलं. सवयीनं कानात सांगितलं, आता त्याचा काही उपयोग नव्हता. ती शिट्टी सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू येत होती. हे म्हणाले, "आज बंद," आणि अर्धवट तोललेलं मांस काट्यावर तसंच ठेवून शटर खाली ओढलं. लोक ज्याला हसतात ते हे. दुकान बंद केलं ते एवढ्यासाठी.

मग हे मोरीपाशी जाऊन हात धुवायला लागले. साबण लावून, कोपरापर्यंत. मला कळलं.

"अहो, संध्याकाळी बाई येतायत. थांबा ना."

"संध्याकाळपर्यंत त्यानं काय करायचं?"

मी म्हटलं, "मग मी करते. तुम्ही नका जाऊ. तुम्ही नाही जायचं."

"तुझ्या हाताला सवय नाही. एका झटक्यात होणार नाही. त्याला त्रास होईल."

"आणि पोरगी? ती निघालीय तिकडून."

"तिला मी सांगेन," हे म्हणाले.

सुरी घेतली नाही. रिकामे हात पुसले, गोणपाटाचा पडदा बाजूला केला आणि आत गेले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच गेले. मी पडद्याबाहेर उभी राहिले. शिट्टी चालूच होती. मग ती थांबली, आणि मला वाटलं झालं. पण झालं नव्हतं. आतून दुसराच आवाज यायला लागला, हळू, तुटक, ची-र्र, ची-र्र. मला तो आवाज ठाऊक होता. रोज सकाळी ऐकलेला. ह्यांचं पाऊल आत पडलं की काढायचं तसला. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. मला नाही ऐकवलं.

हात काढले तेव्हा सगळं शांत होतं.

हे बाहेर आले, खाली जमिनीवरच बसले. मी पाणी दिलं, घेतलं नाही. मी जवळ बसले. बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारून विचारलं, उघडणार का, आणि उत्तर न मिळाल्यावर निघून गेलं. मग हे बोलले, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

"मला बघून तोंड उघडलं गं त्यानं. त्याला वाटलं, मी भरवायला आलोय."